वाचणारं मूल आणि त्याच्या शेजारी बसलेली बाई



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या बाई महापालिकेच्या प्राथमिक शाळेत शिकवत होत्या. त्यामुळे संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मला फार विचार करावा लागला नाही. मुंबईतल्या गरिबांच्या मुलांना वाचता यावं म्हणून या शहरातल्या साध्या माणसांनी, त्यातही वस्तीतल्या बायकांनी, गेल्या तीस-पस्तीस वर्षांत काय केलं, त्यातून काय कळलं, आणि कळल्यावरही आपण काय करायचं टाळलं, याबद्दल मी आज बोलणार आहे.

सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. मूल शाळेत जातं, म्हणजे ते वाचतं का?

आपल्याकडे शंभर वर्षं या दोन गोष्टी एकच समजल्या गेल्या. त्याला कारणही होतं. मुलं शाळेतच येत नव्हती, त्यामुळे त्यांना शाळेत आणणं हाच लढा होता. महात्मा फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी होती. शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापूर संस्थानात ते सक्तीचं आणि मोफत केलं. पाठोपाठ 1918 मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नांनी मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांसाठी कायदा झाला, आणि 1920 मध्ये खुद्द मुंबई शहरासाठी. शेवटी शिक्षण हक्काचा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. आज हजेरीपटावर नाव नसलेलं मूल शोधावं लागतं. फुटपाथवर, बांधकामाच्या जागी ते अजूनही सापडतं, त्याच्याकडे मी नंतर येईन. पण नाव घालण्याची लढाई आपण बरीचशी जिंकलो. वाचनाची लढाई? ती सुरू आहे हेच आपल्याला फार उशिरा कळलं.

कसं कळलं, ते सांगतो.

चौथीतल्या मुलीला तिचंच भाषेचं पुस्तक उघडून द्या. धडा झालेला असला तर ती घडाघडा म्हणून दाखवते. वर्गात पाहुणे आले की शिक्षक अशाच मुलीला उभं करतात, आणि पाहुणे खूश होऊन जातात. तुम्ही मात्र तिच्या बोटाकडे बघा. तोंड तिसऱ्या ओळीवर असतं आणि बोट पाचव्या. तिला धडा पाठ आहे. आता त्याच धड्यातला एक शब्द कागदाच्या कोपऱ्यावर वेगळा लिहून तिच्यापुढे ठेवा. ती शब्दाकडे बघते, मग तुमच्या तोंडाकडे बघते. तुमच्या चेहऱ्यावर उत्तर सापडतंय का, ते ती शोधत असते. हे मी अनेक वर्गांत पाहिलं आहे, आणि दर वेळी पहिला विचार हाच येतो की ही मुलगी हुशार आहे. अख्खं पुस्तक कानांनी पाठ करणाऱ्या मुलीला मंद कोण म्हणेल? चार वर्षं ती रोज शाळेत आली, आणि अक्षर नावाची वस्तू तिला नीट कुणी दाखवलीच नाही.

हे मोजायची रीत फार साधी आहे. ‘असर’ या नावाने 2005 पासून जी पाहणी होते, तिच्यात एक कागद असतो. त्यावर काही सुटी अक्षरं, काही सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची एक गोष्ट. कार्यकर्ता घरी जातो, मुलाशेजारी बसतो, आणि मूल कुठपर्यंत वाचतं ते लिहून घेतो. परीक्षा नाही, मार्क नाहीत, फक्त शेजारी बसणं. 2022 च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागातल्या तिसरीच्या मुलांपैकी 20.5 टक्के मुलंच दुसरीची गोष्ट वाचू शकली. 2024 मध्ये हा आकडा 27.1 टक्के झाला. पाचवीत, त्याच 2024 मध्ये, 48.8 टक्के. म्हणजे पाचवीतली निम्म्याहून अधिक मुलं दुसरीचं वाचू शकत नव्हती.

आता तुमच्यातलं कुणी म्हणेल, हे खेड्यांचं झालं, आपल्या मुंबईचं काय? प्रश्न बरोबर आहे. ‘असर’ ग्रामीण भागात होते. आपल्या शहराचं, वॉर्डावॉर्डाचं असं चित्र दरवर्षी कुणी आपल्यापुढे ठेवत नाही. कुठल्या वॉर्डात किती खड्डे आहेत ते वर्तमानपत्रात येतं. कुठल्या वॉर्डात तिसरीतली किती मुलं गोष्ट वाचतात, हे कधी वाचलंत का?

गंमत म्हणून नाही, अगदी गंभीरपणे सांगतो, ही घराघरांत जाऊन कागद पुढे ठेवायची रीत ज्या लोकांनी देशभर नेली, त्यांचं काम सुरू झालं ते मुंबईतच. 1994-95 च्या सुमारास युनिसेफ आणि महापालिका यांच्या पाठिंब्याने ‘प्रथम’ ही संस्था इथे उभी राहिली. ती उभी करणारे माधव चव्हाण हे मूळचे रसायनशास्त्राचे अध्यापक. साक्षरता मोहिमेच्या काळात त्या कामात उतरले आणि पुढे त्यातच राहिले. त्यांच्या बरोबर फरीदा लांबे होत्या, निर्मला निकेतनमध्ये समाजकार्य शिकवणाऱ्या. या मंडळींकडे इमारत नव्हती, आणि इमारतीची वाट बघायची नाही असं त्यांनी ठरवलं. वस्तीत बालवाडी काढायची तर जागा कुठली? कुणाच्या घरातली पुढची खोली, देवळाचा ओटा, एखाद्या मंडळाचं कार्यालय, दुपारी रिकामं असलेलं पक्षाचं ऑफिस. शिकवणार कोण? त्याच गल्लीतली, थोडं शिकलेली बाई. तीन ते पाच वर्षांची मुलं गोळा करायची, गाणी, गोष्टी, खेळ. बघता बघता अशा बालवाड्या वस्त्यावस्त्यांत सुरू झाल्या.

यात काय विशेष, असं वाटेल. विशेष हे, की या शहराला जागेचं वेड आहे. काहीही करायचं म्हटलं की पहिला प्रश्न जागेचा येतो, दुसरा परवानगीचा, आणि तिसऱ्या प्रश्नापर्यंत उत्साह संपलेला असतो. या बायकांनी तो क्रमच उलटा केला. आधी मुलं, मग जागा.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाच्या गोष्टीकडे येतो, आणि तिथे जरा रेंगाळणार आहे. ‘प्रथम’चीच बालसखी योजना.

तिसरी-चौथीतली जी मुलं वाचनात मागे पडली आहेत, त्यांतली पंधरा-वीस मुलं वर्गातून बाजूला घ्यायची. शाळेच्या चार-एक तासांतले दोन तास त्यांना वेगळं शिकवायचं. शिकवणारी वस्तीतलीच तरुण मुलगी, शालेय शिक्षण झालेली. सुरुवातीला दोन आठवड्यांचं प्रशिक्षण, पुढे वर्षभर अधूनमधून मदत. वर्ग मोकळा असला तर वर्गात, नाही तर मैदानात, तेही नाही तर व्हरांड्यात. मानधन तेव्हा महिन्याला पाचशे ते साडेसातशे रुपये. हा आकडा लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

व्हरांड्यात चालणाऱ्या अशा वर्गात काय चालतं? फरशीवर खडूने शब्द लिहिलेले असतात. भिंतीला बाराखडीचा तक्ता. मुलं त्याच्याभोवती अर्धगोल करून बसतात. एक मूल बोट ठेवतं, बाकीची म्हणतात. क, का, कि, की. मग ताई म्हणते, आपल्या नावातलं अक्षर शोधा. मुलं तक्त्यावर तुटून पडतात, कारण स्वतःचं नाव हा जगातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द असतो. मग ताई एक छोटी गोष्ट वाचून दाखवते, मुलं तिच्याबद्दल बोलतात, त्यांच्या बोलण्यातले दोन-चार शब्द ती फरशीवर लिहिते, आणि थोड्या वेळाने ते शब्द गोष्टीच्या कागदात शोधायला लावते. एखादं मूल अडखळतं, ताई थांबते. पुढचा धडा घ्यायची घाई तिला नाही, कारण तिच्याकडे धडाच नाही. आज मूल जिथे उभं आहे, तिथून उद्या एक पाऊल पुढे, एवढाच तिचा अभ्यासक्रम.

आणि वर्गात आत काय चालतं? आत शिक्षिका चौथीचा पोर्शन पुरा करत असते. तिला दोष देऊ नका. तिला जनगणना आहे, निवडणुकीचं काम आहे, पोषण आहाराच्या नोंदी आहेत, आणि पोर्शन वेळेत झाला का हे विचारायला वरिष्ठ येणार आहेत. मुलाला वाचता येतं का, हे विचारायला कुणी येणार नाही. ज्याला अक्षर येत नाही त्याच्यासमोर ती चौथीचा धडा शिकवते आहे, हे तिलाही कळतं. व्यवस्थेने तिला दुसरा रस्ताच ठेवलेला नाही.

या बालसखी योजनेचा मुंबई आणि वडोदऱ्यात 2001 ते 2003 या काळात शास्त्रीय अभ्यास झाला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला. यांतल्या दोघांना पुढे 2019 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तुम्हाला ठाऊक आहेच. काही वर्गांना बालसखी दिली, काहींना दिली नाही, आणि मुलांची प्रगती मोजली. बालसखी असलेल्या वर्गांतली मुलं पुढे गेली. दुसऱ्या वर्षाअखेर हा फरक पहिल्या वर्षाच्या जवळजवळ दुप्पट झाला. गणितात जास्त, भाषेत त्या मानाने कमी.

पण त्या अभ्यासातली एक गोष्ट मला फार मोठी वाटते, आणि तिची चर्चा कमी होते. मागे पडलेली मुलं बाहेर गेल्यावर आतला वर्ग लहान झाला. एरवी आपण म्हणतो ना, वर्गात मुलं फार, म्हणून शिकवता येत नाही? आता आतल्या मुलांना तर पुरा प्रशिक्षित शिक्षक, आणि वर गर्दी कमी. त्यांचं किती सुधारलं? जवळजवळ काहीच नाही. सुधारली ती मुलं, जी व्हरांड्यात दहावी-बारावी झालेल्या ताईसमोर बसली होती. याचा अर्थ शिक्षक नकोत असा कुणी काढू नये. मी तर उलट म्हणेन की त्या शिक्षिकेला पोर्शनच्या जोखडातून सोडवा, तीही हेच करून दाखवेल. अर्थ एवढाच, की मूल जिथे आहे तिथून शिकवलं तर शिकतं, आणि पुस्तक जिथे आहे तिथून शिकवलं तर मागेच राहतं.

आणखी एक निष्कर्ष आहे, तोही लपवायचा नाही. योजना थांबून वर्ष उलटल्यावर पुन्हा मोजलं, तर मिळवलेलं बरंच विरून गेलेलं होतं. थोडं टिकलं, सगळं नाही. मला यात योजनेचं अपयश दिसत नाही. मोहीम काढायची, फोटो काढायचे, आणि मोहीम संपली की मुलाला पुन्हा त्याच पोर्शनच्या वर्गात नेऊन बसवायचं, या आपल्या सवयीचं हे फळ आहे. वाचन ही लस नाही, एकदा टोचली की झालं असं होत नाही.

आता त्या पाचशे ते साडेसातशे रुपयांकडे येऊ. बालसखी सरासरी वर्षभर टिकायची, मग सोडून जायची. का जायची? लग्न, दुसरं काम, घरची अडचण, आणि हा पगार. मुंबईत तेव्हाही या पैशात महिना काढता येत नव्हता. आज स्वयंसेवी संस्थांचं मानधन वाढलं आहे, पण अंगणवाडी सेविकेकडे बघा, आशाताईकडे बघा. जे काम या देशात बाई करते आणि वस्तीसाठी करते, त्याला आपण पगार म्हणत नाही, मानधन म्हणतो, आणि तिला नोकरदार म्हणत नाही, सेविका म्हणतो. रोजच्या दोन तासांत मुलाला वाचतं करणारी बाई ही या शहराची कुशल कामगार आहे, माझं हे ठाम मत आहे. तिला कुशल कामगाराचा पगार द्यायला हवा, आणि तो देणगीदारांच्या दयेवर नको, महापालिकेच्या अर्थसंकल्पातून हवा. ही महापालिका देशातली सगळ्यात श्रीमंत महापालिका म्हणवते. पैसा नाही हे उत्तर तिने देऊ नये.

वस्तीतल्या बाईकडून काय होऊ शकतं याचं दुसरं उदाहरण वरळी-लोअर परळ भागातलं आहे. ‘मुक्तांगण’ या संस्थेने 2003 पासून तिथल्या महापालिका शाळांमध्ये स्थानिक बायकांनाच शिक्षिका म्हणून घडवलं. जी बाई स्वतः फार शिकली नाही, तिचं मूल त्याच शाळेत, आणि तीच वर्गात शिकवते. आई शाळेच्या फाटकाच्या बाहेर उभी राहते ही आपली पद्धत, इथे ती आत आली.

आता हजेरीपटावर नसलेल्या मुलाकडे. ‘डोअर स्टेप स्कूल’ ही संस्था 1988 मध्ये कुलाबा-कफ परेड भागात सुरू झाली. बीना शेठ लष्करी आणि रजनी परांजपे यांनी ती सुरू केली, आणि याही दोघी निर्मला निकेतनच्याच. त्या कॉलेजने या शहराला किती दिलं, याचा हिशेब एकदा कुणीतरी मांडायला हवा. मुलं शाळेत येत नाहीत ना, मग शाळा मुलांच्या दारात. पुढे त्यांनी बसमध्येच वर्ग केला. सिग्नलजवळ, फुटपाथच्या कडेला बस थांबते, दोन-अडीच तास वर्ग चालतो, मग बस पुढच्या ठिकाणी. बसायला जागा, फळा, पुस्तकं, सगळं आत. सासून डॉकवर पहाटे आईबरोबर कोळंबी सोलायला बसणाऱ्या मुलीला साडेदहाची शाळा कशी जमणार? तिच्या कामाच्या वेळा बघून वर्गाच्या वेळा ठरवाव्या लागतात. हेच काम पुढे पुण्यात बांधकामाच्या जागांवर वाढलं. इमारत पूर्ण झाली की मजूर दुसऱ्या साईटवर जातात, आणि मूलही. त्या मुलाचा दाखला, त्याचं नाव, ते किती शिकलं, हे त्याच्या मागे-मागे नेणं हेच तिथलं मोठं काम.

भाषेबद्दल थोडं बोलतो, फार नाही, कारण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. आपली महापालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू, कन्नड अशा आठ माध्यमांत शाळा चालवते. जगात अशी नगरपालिका विरळाच, याचा मला अभिमान आहे. पण आईबापांचा ओढा इंग्रजीकडे आहे, आणि त्यांना दोष द्यायचा अधिकार आपल्याला नाही, आपली नातवंडं कुठल्या शाळेत जातात ते आपल्याला माहीत आहे. माझं म्हणणं फक्त एवढंच, की मुलाला ज्या भाषेत गोष्ट कळते त्या भाषेत आधी वाचू द्या. इंग्रजीची अक्षरं जोडून आवाज काढणारं आणि त्यातलं काहीच न कळणारं मूल आज वर्गावर्गात आहे. तो आवाज ऐकून आईला वाटतं मूल शिकतंय. तिची ही फसवणूक आहे.

समजा, मूल वाचायला शिकलं. मग वाचणार काय?

पुस्तकं नाहीत असं नाही. मराठीत मुलांसाठी उत्तम पुस्तकं आहेत. माधुरी पुरंदरे यांचं काम तर असं आहे की ते प्रत्येक पालिका शाळेत असायला हवं. ‘बालभारती’चं ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतं. ‘प्रथम बुक्स’ने 2004 पासून कमी किमतीची पुस्तकं अनेक भाषांत आणली, आणि 2015 पासून ‘स्टोरीवीव्हर’वर ती फुकट वाचता येतात. त्याही आधी, साने गुरुजी गेल्यानंतर प्रकाशभाई मोहाडीकरांनी दादरमधून कथामाला उभी केली, तिच्या जिवावर इथली एक पिढी गोष्टी ऐकत मोठी झाली. तुमच्यातले काही जण तिच्यातूनच आले असतील.

मग पुस्तकं आहेत कुठे? शाळेत आहेत. मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात आहेत, आणि कपाटाला कुलूप आहे. पुस्तक फाटलं तर भरून कोण देणार, हा त्या कुलपाचा खुलासा. लेखापरीक्षणात पुस्तक फाटकं निघालं तर खुलासा मागतात, पुस्तक कोरं करकरीत निघालं तर कुणी मागत नाही. नियम उलटा करा. ज्या शाळेतली पुस्तकं वर्षभरात मळली नाहीत, तिच्याकडे खुलासा मागा. वस्तीतल्या वाचनालयांत मी पाहिलं आहे की पुस्तकं दोरीला कपड्यांसारखी टांगलेली असतात, मुलं ओढून काढतात, वाचतात, परत टांगतात. फाटतात, हो. चिकटपट्टी लावतात. आणि काही महिन्यांनी तिथलीच एखादी सातवीतली मुलगी धाकट्यांना वाचून दाखवायला लागते. याहून चांगली ग्रंथपाल महापालिकेला मिळणार नाही.

केंद्र सरकारने 2021 मध्ये ‘निपुण भारत’ जाहीर केलं. तिसरीच्या अखेरपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता आलं पाहिजे, आणि त्यासाठी 2026-27 ची मुदत ठेवली. उद्दिष्ट योग्य आहे. पण उद्दिष्टाच्या अंमलबजावणीचे अहवाल मी बघतो तेव्हा त्यात प्रशिक्षणं किती झाली, पुस्तिका किती वाटल्या, हे सापडतं. मुलाशेजारी कोण बसलं, हे सापडत नाही. मुलाशेजारी बसणारं माणूस पगारी नेमल्याशिवाय हे होणार नाही. तीस-पस्तीस वर्षांचा या शहराचा अनुभव तेच सांगतो आहे, आणि तो अनुभव मिळवायला आपल्याला परदेशात जावं लागलेलं नाही.

म्हणून माझी महापालिकेकडे मागणी आहे. प्रत्येक प्राथमिक शाळेत बालसखीचं पद निर्माण करा, कायमचं, पगाराचं, आणि त्या पदावर त्याच वस्तीतली व्यक्ती नेमा. वर्षातून दोनदा प्रत्येक वॉर्डातल्या मुलांचं वाचन नागरिकांसमोर तपासा, आणि निकाल शाळेच्या फाटकावर लावा. कपाटांची कुलपं काढा.

आणि तुमच्याकडे? तुमच्याकडे वेळ मागतो. या सभागृहात निवृत्त शिक्षक आहेत, बँकेतून निवृत्त झालेली माणसं आहेत, कॉलेजची मुलं आहेत. बाहेर टेबलावर एक वही ठेवली आहे. नाव, वॉर्ड आणि आठवड्यातला एक मोकळा तास, एवढंच त्यात लिहायचं आहे. तुमच्या घराजवळच्या पालिका शाळेत तिसरी-चौथीतल्या चार मुलांशेजारी बसायचं, त्यांना वाचायला लावायचं आणि ऐकायचं. काय करायचं आणि काय करायचं नाही, हे आधी दोन शनिवारी शिकवलं जाईल, आणि ते शिकवणार आहेत वस्तीत वर्षानुवर्षं हे काम केलेल्या ताया. त्या आज इथे शेवटच्या रांगेत बसल्या आहेत. जाण्यापूर्वी त्यांना भेटा, आणि वहीत नाव लिहा.